उमराणीची माफी आणि सोझिनचा धूमकेतू

नेसरीचं नाव काढलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सात घोडे येतात. कुसुमाग्रजांनी कविता लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली, लताबाईंनी ती गायली, आणि गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे जाऊन पोचलं. गडहिंग्लजहून चंदगडच्या अंगाला निघालं की उसाच्या आणि भाताच्या शिवारांतून नेसरी येतं. पुढे डोंगर जवळ सरकतात. सरनोबत प्रतापराव गुजर जिथे पडले असं मानतात, त्या खिंडीपाशी त्यांचं स्मारक आहे. शाळांच्या सहली येतात, पोरं फोटो काढतात, एखादे गुरुजी सात नावं पाठ म्हणून दाखवतात.

त्या दिवसाच्या आधी दहा महिने काय घडलं होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत बसत नाही. सांगितलंच तर एका दमात: प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाला सोडलं, शिवाजी महाराज रागावले. झालं. गोष्ट लगेच खिंडीकडे धावते. माझ्या मते गोष्टीचा सगळा जीव त्या सोडण्यात आहे. एक कसलेला सेनापती, लढाई हातात आलेली असताना, शत्रू पुरता कोंडीत सापडलेला असताना त्याला वाट मोकळी करून देतो. का दिली असेल? आणि अशा दयेची किंमत कुणी भरायची?

नेमका हाच प्रश्न एका अमेरिकी कार्टून मालिकेनं आपल्या शेवटच्या पर्वात विचारला. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ हे तिचं नाव. लहान मुलांच्या वाहिनीवरच्या मालिकेत असला प्रश्न येतो यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी घरातल्या पंधरा ते पस्तीस वयाच्या कुणालाही विचारून पाहावं. ते तासभर थांबणार नाहीत.

मालिका मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी रचली. निकेलोडियनवर ती फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली आणि १९ जुलै २००८ रोजी संपली. एकूण ६१ भाग, तीन पर्वं: जल, पृथ्वी, अग्नी. त्या जगात चार समाज आहेत आणि प्रत्येकातल्या काही माणसांना आपलं महाभूत हलवण्याची विद्या येते. कुणी पाणी उचलतो, कुणी दगड, कुणी ज्वाळा, कुणी वारा. चारही विद्या येणारा एकच असतो, तो अवतार, आणि तो मेला की पुढच्या समाजात पुन्हा जन्म घेतो. आत्ताचा अवतार आहे आंग नावाचा बारा वर्षांचा पोरगा. वायूच्या मठात वाढलेला, टकलू, खेळकर, मांस न खाणारा. जबाबदारीच्या भीतीनं पळाला, वादळात सापडला आणि शंभर वर्षं बर्फात गोठून राहिला. जागा होतो तेव्हा अग्निराष्ट्रानं जग गिळायला घेतलेलं आहे आणि त्याच्या मठांतला एकही माणूस शिल्लक नाही.

ही वंशहत्या पहिल्याच पर्वात कळते. मुलांच्या मालिकेत. तरी ही मालिका रडकी नाही. तिच्यात विनोद आहे, खादाडपणा आहे, उडणारा सहा पायांचा बैल आहे. आपल्याकडे ढोलकपूरचा भीम दर भागात लाडू खाऊन नव्यानं जिंकत होता आणि पुढच्या भागात सगळं पुन्हा जिथल्या तिथे असे; या मालिकेत मात्र काल झालेली जखम आज दुखत होती. पात्रांचे केस वाढत, कपडे बदलत, माणसं चुकत आणि चूक अंगाला चिकटून राहत असे. चारही विद्यांच्या हालचाली खऱ्या चिनी युद्धकलांवरून घेतल्या आहेत: पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, अग्नीला उत्तरेकडचं शाओलिन, वाऱ्याला बा ग्वा. त्यासाठी किसू नावाचे युद्धकलेचे शिक्षक सल्लागार होते. प्रत्यक्ष चित्रं हलवण्याचं मुख्य काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंनी केलं. त्यामुळे लढाईत कोण काय करतोय हे डोळ्यांना कळतं. नुसता उजेडाचा गोंधळ दिसत नाही. आपल्याकडच्या पौराणिक कार्टूनपटांनी एवढं एक जरी शिकून घेतलं तरी पुष्कळ.

शेवटचं पर्व २१ सप्टेंबर २००७ ला सुरू झालं. नोव्हेंबरअखेर सूर्यग्रहणाच्या दिवशी अग्निराष्ट्रावर केलेला हल्ला फसतो, तो भाग दाखवला गेला आणि मालिका अमेरिकेत साडेसात महिने गायब झाली. मग जुलैत एकाच आठवड्यात उरलेले सगळे भाग. शेवटचे चार भाग जोडून दोन तासांचा जणू सिनेमाच दाखवला, नाव ‘सोझिनचा धूमकेतू’. तो त्या रात्री ५६ लाख लोकांनी पाहिला. वाहिनीनं मालिकेला दिलेली ही वागणूक तशी हलगर्जीपणाचीच. पण त्या खंडामुळे प्रेक्षकांच्या मनात एकच प्रश्न साडेसात महिने मुरला. हा पोरगा अग्निराजाला मारणार का?

या प्रश्नाची मुळी पर्वाच्या सहाव्या भागात आहे, ज्यात आंगला त्याच्या आधीचा अवतार रोकू आपली हकिगत सांगतो. रोकू अग्निराष्ट्राचाच. राजपुत्र सोझिन त्याचा जिवाभावाचा मित्र, दोघांचा वाढदिवसही एकच. सोझिन गादीवर येतो आणि मित्राला म्हणतो, आपली भरभराट साऱ्या जगाला वाटू या. भरभराट वाटायला निघालेल्या सत्तांचं काय होतं हे कोल्हापूर-बेळगावच्या माणसाला कंपनी सरकारानं शिकवलेलं आहे. रोकू ठाम नकार देतो. सोझिन तरीही शेजारच्या राज्याचा मुलूख बळकावतो. रोकू महालात येतो, लढाई होते, राजा पुरता हरतो. आणि रोकू जुन्या मैत्रीखातर त्याला सोडतो. पुन्हा असं केलंस तर संपवीन, एवढी ताकीद देऊन. पंचवीस वर्षं दोघांत बोलणं नाही. मग रोकूच्या बेटावर ज्वालामुखी फुटतो. सोझिन मदतीला धावून येतो, खांद्याला खांदा लावून लढतो, आणि ऐन वेळी विषारी धुरात मित्राला टाकून निघून जातो. अवतार मेला की रस्ता मोकळा. बारा वर्षांनी आकाशात धूमकेतू येतो, अग्निविद्येचं बळ कैक पटींनी वाढतं, आणि सोझिन वायूचे सगळे मठ संपवतो.

हा भाग पाहिला त्या दिवशी मला पहिल्यांदा उमराणी नीट आठवली.

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. विजापूरच्या दरबाराला ते झोंबणारच. पन्हाळा परत मिळवायला अब्दुल करीम बहलोलखान मोठी फौज घेऊन निघाला. महाराजांनी प्रतापरावांना त्याच्यावर धाडलं. हे मूळचे कुडतोजी गुजर, खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. वर्षभरापूर्वी साल्हेरला मोरोपंत पिंगळ्यांच्या जोडीनं मोगली फौजेला उघड्या मैदानात हरवणारे. त्यांनी खानाला उमराणीपाशी गाठलं. उमराणी आजच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. महिना एप्रिल. जतचा एप्रिल ज्यानं पाहिलाय त्याला मराठ्यांनी काय केलं हे लगेच कळेल: त्यांनी पाणी अडवलं. खानाची फौज, घोडी, हत्ती सगळं तहानेनं कासावीस झालं. झुंज झाली, खान मेटाकुटीला आला आणि त्यानं बोलणी लावली. पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही, अशा अर्थाचं वचन दिलं. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं.

त्यांच्या मनात काय होतं, हे कोणत्याच कागदात नाही. तहानेनं जीभ बाहेर आलेल्या माणसावर तलवार उचलवली नसेल. लढाई जिंकली, शत्रू नमला, इथे काम संपलं, असा शिपाईगडी हिशोब असेल. शरण आलेल्याला मारू नये हे तर आपण सगळे घरातच ऐकत वाढतो. महाराजांचा हिशोब वेगळा होता आणि तो राजाचा होता. खान जिवंत सुटला म्हणजे फौज जिवंत सुटली. ती पुन्हा येणार, आणि पुढच्या खेपेला पाणी अडवायची संधी मिळेलच असं नाही. सला काय निमित्त केला, असा सवाल त्यांनी सेनापतीला केला. खान परत आलाच. मग बखरीतल्या परंपरेप्रमाणे निरोप गेला की त्याला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नका.

२४ फेब्रुवारी १६७४. महाशिवरात्र. नेसरी.

त्या दिवशीच्या प्रसंगाबद्दल आपल्याकडचा सर्वांत जवळचा लेखी पुरावा एका दुभाष्याचा आहे. नारायण शेणवी हा मुंबईच्या इंग्रजांचा दुभाष्या. एप्रिल १६७४ मध्ये त्यानं रायगडाहून मुंबईला पत्र पाठवलं. दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत सेनापती आणि त्याच्याबरोबरचे सहा घोडेस्वार मारले गेले, बाकीच्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, असा त्याचा आशय. सातांचा आकडा तिथे आहे. सहाजणांची नावं नाहीत. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, सिद्दी हिलाल, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, विठोजी शिंदे ही आज फलकांवर दिसणारी यादी नंतरच्या परंपरेनं आपल्या हाती दिली. १६९७ च्या सुमारास जिंजीला बसून लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद तर जेसरीला मोठं युद्ध झाल्याचं सांगतो. म्हणजे सात वेडे घोडे फेकत निघाले, ही कल्पना कवीची. अरुंद वाटेत पुढे गेलेल्या सरनोबताला मागची फौज पोचलीच नाही, ही शक्यता पत्राची. मला पत्र जास्त बोचतं. कवितेत वेड आहे, पत्रात एकटेपण आहे.

भाचा आठवीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं तिन्ही पर्वं मोबाइलवर सलग पाहून संपवली होती आणि त्यानंतर आम्ही सगळे नेसरीच्या बाजूला गेलो होतो. स्मारकापाशी उमराणीचं सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, “मामा, रोकूनं पण असंच केलंतं की. सोडला आणि त्यानंच घात केला.” मी म्हटलं, “मग तू असतास तर?” त्यानं जरा विचार केला. “मी बांधून ठेवला असता. सोडायचा कशाला?” आठवीतल्या पोराला सुचलेली ही तिसरी वाट शेवटच्या पर्वाचा सगळा पेच आहे, आणि ती वाट काढायला मालिकेला पुढे दोन तास लागले.

तोवर पर्वानं तयारी मात्र चोख केली आहे. एका भागात कटारा, म्हणजे पाणी हलवणारी मुलगी, आपल्या आईच्या मारेकऱ्याला शोधून काढते. आता तो म्हातारा, भाजी पिकवणारा, आईचं बोलणं खाणारा एक भित्रा इसम झालेला आहे. पावसाचे थेंब हवेत थांबवून तिनं त्यांचे भाले केलेले आहेत. ती मारत नाही. आणि, हे महत्त्वाचं, ती माफही करत नाही. मुलांच्या कार्यक्रमात माफी न देता गोष्ट पुढे जाऊ देणं याला हिंमत लागते. दुसरीकडे अग्निराजाचा मुलगा झुको, ज्याचा चेहरा बापानंच जाळला, तो अडीच पर्वं आंगचा पाठलाग केल्यावर बाजू बदलतो आणि आंगला आग शिकवतो. झुकोचं कोडं असं की बापाकडून तो सोझिनचा पणतू आणि आईकडून रोकूचा. सोडणारा आणि घात करणारा, दोघांचं रक्त एकाच पोरात. मालिकेतलं सर्वांत चांगलं पात्र कोणतं, यावर वाद होतात. माझं मत झुकोला.

त्याचा काका आयरो हा दुसरा. चहा करणारा, ढेरी सुटलेला, एके काळचा सेनापती, ज्याचा मुलगा युद्धात मेला. त्याला आवाज देणारे जपानी-अमेरिकी नट माको २००६ मध्ये वारले. शेवटच्या पर्वात ग्रेग बाल्डविन यांनी तो आवाज सांभाळला. पुतण्या अपराधी तोंडानं तंबूत येतो, रात्रभर काका जागा व्हायची वाट पाहत बसतो आणि माफीचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला मिठीत ओढतो, हा प्रसंग मी मोठ्या माणसांना रडताना पाहत पाहिला आहे. इथे माफी आहे आणि ती पूर्णपणे पटते, कारण तिची किंमत आधीच दोघांनी चुकवलेली आहे.

शेवटाच्या तोंडावर एक गमतीचा भागही आहे. मुलं चोरून नाटक पाहायला जातात, आणि ते नाटक त्यांच्यावरच आहे, शत्रूच्या कंपनीनं बसवलेलं. आंगचं काम एक बाई करते. दुसऱ्या पर्वात जेट नावाचा एक पोरगा मेला की नाही हे वाहिनीच्या संकोचामुळे धूसर ठेवलं होतं, त्यावरही हे नाटक टोमणा मारतं: तो नक्की मेला का, काही कळलं नाही. आपली चूक आपणच वगात घालून लोकांना हसवायचं, ही तमाशातल्या सोंगाड्याची चाल. पण नाटकाच्या शेवटी अग्निराजा जिंकतो, अवतार मरतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. हसणारी पोरं गप्प होतात.

मृत्यू दाखवण्याचा हा संकोच आपल्याला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. त्यात भीमानं केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला होता की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य कापावं लागलं. म्हणजे कोल्हापूरच्या पहिल्याच मोठ्या सिनेमात खलनायकाच्या शेवटावर कात्री चालली. दुष्टाचा शेवट पडद्यावर किती दाखवायचा, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला शंभर वर्षांहून जुना आहे.

धूमकेतू येतो. अग्निराजा ओझाई, सोझिनचा नातू, हवाई जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीराज्य जाळायला निघतो. सगळे मित्र आंगला सांगतात, मार त्याला. आंग म्हणतो, मला वाढवणाऱ्या भिक्खूंनी शिकवलं त्याच्या हे विरुद्ध आहे, आणि त्या भिक्खूंपैकी आता मी एकटाच उरलोय. या एका वाक्यानं साधा पेच खोल होतो. आंगनं हत्या केली तर त्याच्या समाजाची शेवटची खूणही पुसली जाणार.

तो आपल्या पूर्वजन्मांना विचारतो. रोकू म्हणतो, मी वेळीच कठोर झालो असतो तर हे युद्धच झालं नसतं. उमराणीनंतर प्रतापराव महाराजांपुढे उभे राहिले असते तर बहुधा हेच म्हणाले असते. क्योशी न्यायाची भाषा बोलते. कुरुक म्हणतो, ढिलाईनं मी माझं माणूस गमावलं. आंग शेवटी वायूचीच अवतार असलेल्या यांगचेनकडे जातो, निदान ही तरी समजून घेईल म्हणून. आणि तीच सर्वांत कडक निघते: तुझा मोक्ष बाजूला ठेव, तुझं काम जगासाठी आहे. अर्जुनाला रथावर जे ऐकावं लागलं त्याच्या इतक्या जवळ दुसरी कुठली कार्टून मालिका गेल्याचं मला माहीत नाही. चार आवाज, चारही एकाच बाजूचे. पोराच्या बाजूला कुणी नाही.

त्याच सुमारास राजधानीत झुको आणि त्याची बहीण अझुला यांचं द्वंद्व होतं. अग्निविद्येतला हा सर्वांत मोठा सामना, आणि पडद्यावर निळ्या-केशरी ज्वाळांचे डोंगर उसळत असताना मागे ढोलताशा नाही, संथ, दुखरं संगीत आहे. जेरेमी झुकरमन या संगीतकाराची ही करामत. अझुलाचं डोकं फिरलेलं आहे, तिनं स्वतःचे केस स्वतःच भादरले आहेत, आरशात तिला आई दिसते. ती हरते तेव्हा साखळीनं बांधलेली, जमिनीवर पडून हुंदके देणारी चौदा वर्षांची पोर उरते. जिंकलेले झुको आणि कटारा तिच्याकडे बघत राहतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नाही. शेवटच्या पर्वातली सर्वांत प्रौढ दोन मिनिटं हीच.

आता आंगची तिसरी वाट. समुद्रात बेटाएवढं एक कासव आहे, सिंहाच्या तोंडाचं, जगातला सर्वांत जुना जीव. ते आंगच्या कपाळाला आणि छातीला स्पर्श करतं आणि एक विसरलेली विद्या देतं. तिच्या जोरावर आंग ओझाईची अग्निविद्याच काढून घेतो. राजा जिवंत, कैदेत, रिकामा. भाचा म्हणाला तसं: बांधून ठेवला.

यावर तेव्हापासून आजवर तक्रार आहे की हे आयतं झालं. कासव नेमक्या वेळी उगवलं, पोराला निवड करावीच लागली नाही. तक्रारीत तथ्य आहे. वीस भाग पेच आवळत नेऊन गाठ दुसऱ्याच कुणीतरी सोडवली, असं पहिल्यांदा पाहताना मलाही वाटलं. पण ज्या देशात महाभारत ऐकत मुलं मोठी होतात तिथल्या प्रेक्षकाला हा शेवट अगदीच परका वाटू नये. अश्वत्थाम्यानं रात्री झोपलेली पोरं कापली. पांडवांनी त्याला धरला, तरी मारला नाही; कपाळावरचा मणी काढून घेतला आणि जिवंत सोडला. आमच्याकडचा अश्वत्थामा अजून जखमेला तेल मागत हिंडतो, तोरणमाळच्या बाजूला त्याला पाहिल्याच्या गोष्टी आजही सांगतात. ओझाईचं झालं ते हेच. फरक एवढा की व्यासांनी मणी काढल्यानंतरची भळभळ दाखवली. अमेरिकी मालिकेनं ओझाईला कोठडीत टाकून दार लावलं आणि राज्याभिषेकाचा जल्लोष केला. मणी काढणं कमी पडलेलं नाही. जखम दाखवणं कमी पडलंय.

हे मालिकेच्या कर्त्यांनाही बहुधा जाणवलं असावं. नंतर २०१२ पासून आलेल्या चित्रकथांत, आणि ‘द लीजेंड ऑफ कोरा’ या पुढच्या मालिकेत, त्यांनी युद्धानंतरच्या वसाहतींचं काय करायचं, विद्या काढून घेण्याची ताकद वाईट हातांत गेली तर काय, असे प्रश्न घेतले. शेवटानंतरचा हिशोब त्यांनी नंतर भरला.

सगळं धरून निकाल द्यायचा तर मी असा देईन: मुलांसाठीच्या साहसमालिकांत इतका नीट बांधलेला शेवट मला दुसरा माहीत नाही. शेवट जमणं अवघड असतं. कथा लांबवायची सवय लागलेल्या मालिका शेवटाला आल्या की पळायला लागतात. आपल्याकडे ‘द लीजेंड ऑफ हनुमान’सारखी मालिका आली, शरद केळकरांचा आवाज निवेदनाला आणि रावणालाही, संकेत म्हात्रेंचा रामाला. चित्रं देखणी आहेत. पण रावण मरणार हे आजीला, नातीला, शेजारणीला सगळ्यांना माहीत. तिथे प्रेक्षक शेवट कळावा म्हणून बसत नाही, तो नीट सांगितला जावा म्हणून बसतो. नेसरीचीही तीच गत आहे. सातजण परत येत नाहीत, हे बालवाडीपासून माहीत. मग सांगायचं काय उरतं?

उमराणी उरते.

नेसरीवर नाटकं झाली, पोवाडे झाले, चित्रपटाची घोषणा झाली. मला असं वाटतं की या गोष्टीला खरं माध्यम चलतचित्रांचं आहे, आणि तेही मालिकेचं. फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभातनं पुण्याला गेल्यावर १९३४ साली ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. पूर्वजांनी सुरुवात करून ठेवली आहे. आज कोल्हापूर-पुण्यात संगणकावर चित्रं हलवणारी पोरं हजारोंनी आहेत. त्यातली बरीच परदेशी कंपन्यांच्या मालिकांचे सुटे तुकडे रंगवून देतात.

त्यांच्यापैकी कुणी हे काम घेतलं तर माझ्या अटी अशा. पहिला भाग पन्हाळ्याचा, कोंडाजी फर्जंदाचा. दुसरा, तिसरा, चौथा उमराणीचा. तीन भाग, घाई नको. पाण्याचा बांध दाखवा, तहानेली घोडी दाखवा, खानाचा चेहरा माणसाचा काढा. प्रतापराव त्याला सोडतात तो निर्णय बरोबर वाटला पाहिजे, बघणाऱ्या पोरालाही. मग महाराजांचा राग दाखवा, आणि तोही बरोबर वाटला पाहिजे. दोन्ही बाजू बरोबर वाटल्याशिवाय खिंडीकडे जाऊ नका. सहाजणांना नावं परंपरेतली द्या, पण मागे राहिलेल्या फौजेचा एक भाग करा, जी पोचली नाही. आणि शेवट नेसरीवर करू नका. प्रतापराव पडल्यावर महाराजांनी हंसाजी मोहित्यांना हंबीरराव किताब देऊन सरनोबत केलं, पुढे प्रतापरावांची लेक जानकीबाई राजारामांना करून घेतली, आणि नेसरीनंतर साडेतीन महिन्यांनी, ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्यानं सोडलं तो गेला, ज्याला सोडलं तो जिवंत होता, आणि तरी सिंहासन झालं. एवढं सगळं एका पर्वात मावतं.

पैसे कमी पडले तर लढाईचे हत्ती कमी काढा. उमराणीचे तीन भाग मात्र कापू नका.